काय शिजवायचे, काय आणायचे?

"आज काय शिजवायचे?" हा प्रश्न तुमच्या घरी दिवसातून किती वेळा विचारला जातो? बहुधा दोनदा तरी. प्रश्न लहान आहे, पण उत्तर देणाऱ्याला बऱ्याच गोष्टी एकदम आठवाव्या लागतात. डब्यात तांदूळ किती उरला आहे? काल कोणती डाळ केली होती? मेथीची जुडी आज वापरली नाही, तर उद्या पिवळी पडेल का? आज जेवायला किती माणसे आहेत? आणि हातात पैसे किती आहेत?

हा सगळा हिशेब बहुतेक घरांत एकटी अम्मी डोक्यात ठेवते. तो कोठेही लिहिलेला नसतो. म्हणून ती दोन दिवस माहेरी गेली किंवा आजारी पडली, की घर अडते. पीठ संपल्याचे तवा तापल्यावर कळते. बाजारात गेलेला मुलगा कांदे आणतो आणि तेल विसरतो. ज्या घरात मजुरी आठवड्याला हाती येते, तेथे तर शनिवारी घेतलेल्या एका नको त्या वस्तूमुळे पुढच्या गुरुवारी डाळ पातळ करावी लागते. हा हिशेब डोक्यातून काढून कागदावर किंवा संगणकावर मांडला, तर घरातील कोणीही तो वाचू शकेल आणि कामाला हातभार लावू शकेल. तो कसा मांडायचा, हे आपण या पाठात पाहू.

संगणकावर हिशेबाचा तक्ता करण्यासाठी जे साधन वापरतात, त्याला स्प्रेडशीट म्हणतात. तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात ते असेलच. एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क, गूगल शीट्स अशी त्याची निरनिराळी नावे आहेत. त्यांपैकी कॅल्क फुकट मिळते आणि गूगल शीट्स मोबाइलवरही चालते. स्प्रेडशीटच्या पानावर आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असतात. ओळींना १, २, ३ असे आकडे आणि स्तंभांना ए, बी, सी अशी इंग्रजी अक्षरे दिलेली असतात. ओळ आणि स्तंभ जेथे मिळतात, ती एक चौकट. उर्दूत तुम्ही तिला खाना म्हणाल. बी स्तंभातील दुसऱ्या ओळीच्या चौकटीचा पत्ता बी२.

वहीतही असा तक्ता आखता येतो. मग संगणक कशाला? फरक एवढाच, की स्प्रेडशीटच्या चौकटीत आपण आकडा लिहू शकतो, तसाच हिशेबाचा नियमही लिहू शकतो. या नियमाला सूत्र म्हणतात. सूत्र नेहमी बरोबरच्या चिन्हाने सुरू होते. डी२ या चौकटीत आपण =बी२*सी२ असे लिहिले, तर तेथे बी२ आणि सी२ यांचा गुणाकार दिसतो. पुढे बी२ मधील आकडा बदलला, तर डी२ मधील उत्तर आपोआप बदलते. खोडरबर लागत नाही. (पुस्तकात आपण ही अक्षरे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर सूत्र लिहिताना ती इंग्रजी लिपीत लिहायची.)

ही युक्ती सुचली ती खोडण्याच्या त्रासातूनच. १९७८ साली डॅन ब्रिकलिन नावाचा तरुण अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर मोठा तक्ता मांडून हिशेब करीत. एका आकड्यात चूक निघाली, की त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे आकडे एकेक करून पुसावे आणि पुन्हा लिहावे लागत. एक आकडा बदलताच बाकीचे स्वतःच बदलणारा फळा असला तर, असे ब्रिकलिनच्या मनात आले. त्याने बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर तसा कार्यक्रम तयार केला. त्याचे नाव व्हिसिकॅल्क. तो १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी बाजारात आला. व्यापाऱ्यांना तो फार आवडला. आपल्या स्वयंपाकघरातही आकडे रोज बदलतात, म्हणून तो आपल्याही कामाचा आहे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. आपण एक घर डोळ्यांसमोर ठेवू. घरात दादी, अब्बा, अम्मी आणि तीन भावंडे अशी सहा माणसे आहेत. आपल्याला तीन पाने लागतील. पहिल्या पानाला 'कृती', दुसऱ्याला 'आठवडा' आणि तिसऱ्याला 'यादी' असे नाव द्या.

'कृती' हे पान सर्वांत महत्त्वाचे. ते भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. पण ते एकदाच भरायचे असते. पहिल्या ओळीत मथळे लिहा : ए मध्ये पदार्थ, बी मध्ये जिन्नस, सी मध्ये एका माणसाला लागणारे ग्रॅम. मग एका ओळीत एकच जिन्नस लिहायचा. खिचडी, तांदूळ, ८०. पुढच्या ओळीत पुन्हा खिचडी, मसूर डाळ, ३०. त्याखाली दाल-चावल, तांदूळ, ९०. दाल-चावल, तूर डाळ, ४०. पुलाव, तांदूळ, १००. खिचडीला लागणारे सगळे जिन्नस एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहिण्याचा मोह होईल. तसे करू नका. माणसाला ते वाचता येते, पण संगणकाला त्यातून तांदूळ वेगळा काढता येत नाही.

हे आकडे कोठून आणायचे? पुस्तकातून उचलू नका. दर घराचा हात वेगळा असतो. कोणाकडे भात जास्त खातात, कोणाकडे पोळी. ही माहिती ज्या व्यक्तीकडे आहे, तिला विचारा. अम्मी म्हणेल, "अंदाजाने घालते." हा अंदाज म्हणजे पुष्कळ वर्षांचे मोजमापच आहे, फक्त तो ग्रॅममध्ये नाही, वाटीत आणि मुठीत आहे. तेव्हा एक आठवडाभर शिजवण्यापूर्वी तांदूळ व डाळ तोलून पाहा. घरी काटा नसेल, तर नेहमीची वाटी भरून किराणा दुकानात नेऊन एकदा तोलून घ्या. खिचडीसाठी सहा माणसांना ४८० ग्रॅम तांदूळ लागला, तर ४८० भागिले ६, म्हणजे माणशी ८० ग्रॅम. भाजी मात्र निवडण्यापूर्वी तोला. आपण बाजारात देठांचेही पैसे देतो.

मीठ, हळद, मसाला यांचा माणशी हिशेब करीत बसू नये असे मला वाटते. चिमूटभर हळदीसाठी एक ओळ वाढवणे म्हणजे नुसता उत्साह. हे जिन्नस महिन्यातून एकदा येतात. ते संपत आले, की यादीच्या खाली हाताने लिहिले तरी पुरे.

दुसरे पान 'आठवडा'. येथे ए मध्ये वार, बी मध्ये सकाळ किंवा रात्र, सी मध्ये पदार्थ आणि डी मध्ये जेवणारी माणसे लिहा. सोपे जावे म्हणून आपण फक्त रात्रीची जेवणे घेऊ. या घरी रविवारी सकाळी आठवडी बाजार असतो, म्हणून मेथी सोमवारी. पालेभाजी टिकत नाही; तिला आठवड्याच्या सुरुवातीलाच जागा द्यावी. डाळी व बटाटे थांबू शकतात. मंगळवारी दाल-चावल, बुधवारी खिचडी, गुरुवारी अंड्यांचा रस्सा आणि पोळी, शुक्रवारी पुन्हा दाल-चावल, शनिवारी खिचडी. प्रत्येक ओळीत माणसे ६. पुढच्या रविवारी फूफी आणि तिची दोन मुले येणार आहेत. (फूफीला मराठीत आत्या म्हणतात.) म्हणून रविवारी पुलाव, माणसे ९.

आता दोन्ही पाने एकमेकांना जोडू. 'कृती' या पानावर डी स्तंभाला 'ताटे' असा मथळा द्या. तो पदार्थ आठवडाभरात एकूण किती ताटांत वाढायचा आहे, हे आपल्याला येथे हवे. खिचडी बुधवारी ६ आणि शनिवारी ६, म्हणजे १२ ताटे. ही बेरीज करणारे सूत्र आहे समइफ. सम म्हणजे बेरीज, इफ म्हणजे जर. "जर पदार्थाचे नाव जुळत असेल, तरच त्या ओळीतील माणसे बेरजेत घे," असा त्याचा अर्थ. डी२ मध्ये लिहा :

=समइफ(आठवडा!सी:सी, ए२, आठवडा!डी:डी)

कंसात तीन गोष्टी आहेत. कोठे शोधायचे, काय शोधायचे आणि सापडल्यावर कशाची बेरीज करायची. पानांची नावे हाताने लिहिण्याची गरज नाही. कंस उघडल्यावर 'आठवडा' पानावर जाऊन माउसने पूर्ण सी स्तंभ निवडा. पत्ता संगणक स्वतः लिहितो. पूर्ण स्तंभ निवडल्याचा फायदा असा, की हेच सूत्र खालच्या सर्व ओळींत उतरवले तरी बिघडत नाही. शेजारच्या ई स्तंभात =सी२*डी२ लिहा. हे झाले आठवड्याचे ग्रॅम. खिचडीच्या तांदळासाठी ८० गुणिले १२, म्हणजे ९६० ग्रॅम. दाल-चावलाची ताटेही १२. ९० गुणिले १२ म्हणजे १०८० ग्रॅम. पुलावाची ९ ताटे, म्हणून ९०० ग्रॅम.

शाळेतील खिचडी तुम्ही खाल्ली असेल. तेथेही अगदी हाच हिशेब असतो. शालेय पोषण आहारासाठी केंद्र सरकारने प्रमाण ठरवले आहे : पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य व ३० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीची २४० मुले हजर असतील, तर ३६ किलो तांदूळ आणि ७ किलो २०० ग्रॅम डाळ लागेल. चाळीस मुले गैरहजर असली, तर तांदूळ ३० किलो पुरतो. सहा किलोंचा फरक! हजेरी घेतल्यावर स्वयंपाकघरात आकडा का कळवतात, हे आता ध्यानात येईल.

आता तिसरे पान, 'यादी'. ए मध्ये प्रत्येक जिन्नस एकदाच लिहा. बी मध्ये 'लागणार'. येथे पुन्हा समइफ वापरायचे. या वेळी शोधायचे आहे 'कृती' पानावरील जिन्नसांच्या स्तंभात, आणि बेरीज करायची आहे ई स्तंभाची. तांदळासमोर २९४० हा आकडा दिसेल. खिचडी, दाल-चावल आणि पुलाव या तिन्ही पदार्थांतील तांदूळ एकत्र झाला.

सी मध्ये 'घरात आहे'. हा स्तंभ कोणतेही सूत्र भरू शकत नाही. त्यासाठी उठून डबे उघडून पाहावे लागतात. हे काम तुम्ही करा; दर शनिवारी दहा मिनिटे लागतील. समजा, डब्यात ९०० ग्रॅम तांदूळ आहे. मग डी मध्ये 'आणायचे', आणि त्याचे सूत्र :

=मॅक्स(०, बी२-सी२)

मॅक्स म्हणजे कंसातील सर्वांत मोठी संख्या. नुसती वजाबाकी केली असती, तर घरात जास्त असलेल्या जिन्नसासमोर उणे आकडा आला असता. उणे तीनशे ग्रॅम तूर डाळ म्हणजे काय, दुकानदाराला परत करायची? मॅक्समुळे तेथे शून्य येते. तांदळाचे उत्तर येईल २०४०.

ज्या कुटुंबाकडे प्राधान्य गटाची शिधापत्रिका आहे, त्याला २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. सहा नावे असतील, तर महिन्याला ३० किलो. ते घरी आले, की त्यातील तांदूळ 'घरात आहे' या स्तंभात मिळवायला विसरू नका. नाहीतर यादी तुम्हांला उगाच दुकानात पाठवील.

राहिला पैशांचा हिशेब. ई मध्ये एका किलोचा दर, एफ मध्ये खर्च. समजा, तांदळाचा दर ५० रुपये आहे. तुम्ही घाईने =डी२*ई२ असे लिहिले, तर काय होईल? २०४० गुणिले ५०, म्हणजे एक लाख दोन हजार रुपयांचा तांदूळ! संगणक हसत नाही की चकित होत नाही. तो गुपचूप तो आकडा बेरजेत धरतो. आपले वजन ग्रॅममध्ये आहे आणि दर किलोचा आहे, म्हणून आधी हजाराने भागले पाहिजे : =डी२/१०००*ई२. आता उत्तर १०२ रुपये येते. तेलाच्या बाबतीत आणखी एक खुबी आहे. एक लिटर तेलाची पिशवी एक किलोची नसते. तिच्यावर बहुधा ९१० ग्रॅम छापलेले आढळेल. पिशवी वाचून पाहा.

एफ स्तंभाच्या खाली सम या सूत्राने एकूण बेरीज करा. आणि मग ब्रिकलिनला जी गंमत हवी होती, ती करून पाहा. फूफी येणार नाही असा निरोप आला, म्हणून 'आठवडा' पानावर रविवारसमोर ९ पुसून ६ लिहा. पुलावाचा तांदूळ ९०० वरून ६०० वर येतो, एकूण २९४० चा २६४० होतो, आणायचा तांदूळ १७४० ग्रॅम, खर्च ८७ रुपये. तुम्ही एकच आकडा बदलला. एकूण बेरीज हातातल्या पैशांपेक्षा जास्त येत असेल, तर एका दिवसाचा पदार्थ बदलून पाहा, पुन्हा बदलून पाहा. बाजारात पिशवी घेऊन उभे असताना काय कमी करावे ते सुचत नाही. घरी, अम्मीशेजारी बसून सुचते. आणि हो, काय बदलायचे ते तिला विचारून बदला. दादीला अंड्यांचा रस्सा चालतो की नाही, हे तक्त्यात लिहिलेले नाही.

एवढे करूनही कधीकधी एखाद्या जिन्नसासमोर शून्य येते आणि तुम्ही बुचकळ्यात पडता. तेव्हा प्रथम शुद्धलेखन तपासा. 'कृती'मध्ये तुम्ही 'तांदूळ' असे दीर्घ लिहिले आणि 'यादी'त 'तांदुळ' असे ऱ्हस्व, तर संगणकाच्या दृष्टीने ते दोन निराळे पदार्थ आहेत. मराठीच्या तासाला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीने एखादा गुण जातो. येथे तुमच्या आठवड्याचा भात जातो. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही असाच घोटाळा करते, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. यावर उपाय म्हणजे नावे पुन्हा पुन्हा न लिहिता एकदा लिहून तेथूनच उतरवणे. चौकटीला निवडीची यादी जोडण्याची सोयही स्प्रेडशीटमध्ये असते. मग नाव लिहायचे नाही, फक्त निवडायचे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आकड्याच्या चौकटीत '८० ग्रॅम' असे लिहिणे. त्यात अक्षरे आली, की संगणक त्याला आकडा मानीत नाही. ग्रॅम हा शब्द वर मथळ्यात लिहा, खाली फक्त आकडा, तोही इंग्रजी अंकांत.

तुमच्या घरी एक अडचण आणखी येईल. अम्मी उर्दू वाचते आणि दुकानातल्या पाट्या मराठीत असतात. तर यादीला जी हा एक स्तंभ वाढवा आणि त्यात जिन्नसाचे उर्दू नाव उर्दू लिपीत लिहा. मीठ आणि नमक, साखर आणि शकर, बटाटा आणि आलू, कांदा आणि प्याज, हरभरा डाळ आणि चने की दाल. संपूर्ण पानच उर्दूत करायचे असेल, तर तेही जमते. पान उजवीकडून डावीकडे करण्याची सोय या तिन्ही कार्यक्रमांत आहे. मग ए स्तंभ उजव्या हाताला येतो. हिशेबाच्या शब्दांनी मात्र तुम्ही अडखळणार नाही. जिन्नस, यादी, हिशेब, खर्च, बाजार, तक्ता हे मराठी शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. 'वजाबाकी'तही तुमच्या ओळखीचा 'बाकी' आहेच.

बाजारात जाण्यापूर्वी ज्या जिन्नसांसमोर शून्य आहे, त्या ओळी लपवा आणि उरलेली यादी छापा किंवा कागदावर उतरवून घ्या. भाजीवाल्याच्या वस्तू एकत्र, किराण्याच्या एकत्र. २०४० ग्रॅम तांदूळ मागायचा नाही, हे सांगायला नको. दोन किलो घ्यावा. चाळीस ग्रॅम म्हणजे फार तर अर्धे ताट, तेवढे सात दिवसांत सांभाळून घेता येते. दर बदलला असेल, तर तो दुकानातच कागदावर टिपून घ्या आणि घरी आल्यावर ई स्तंभात भरा. पुढच्या शनिवारी 'आठवडा' पानाची नक्कल करून जुने पान तसेच राहू द्या. खिचडी दोन्ही वेळा उरली असेल, तर 'कृती'मध्ये ८० च्या जागी ७५ लिहून पाहा.